अर्जातलं ‘नाही’

मला विमान कंपनीने नाकारलं ते उडवता येत नाही म्हणून नव्हे. विमान मला चांगलं उडवता येतं, उगाच नम्रपणा कशाला दाखवू? मला नाकारलं ते अर्जातल्या एका ‘नाही’मुळे. आणि ते ‘नाही’ मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात बसून, बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं.

आम्ही रोह्याचे. बाबा वर्षानुवर्षं सकाळच्या गाडीने पेणला कामाला जायचे. मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, हे त्यांचं काम. मूर्ती घडवणारे हात पुष्कळ असतात, पण डोळ्यांना ब्रश लावू देतात एखाद-दोघांनाच. बाबा त्यांतले, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. आईच्या वाटणीची डोलवीकडची जमीन विकून माझं पायलटचं शिक्षण झालं, तेव्हा ते अख्ख्या कारखान्याला सांगत सुटले होते.

अर्ज भरताना त्यांना शेजारी बसायचंच होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथेच गेले. आधी त्यांनी माझा फोटो नापसंत केला.

“मान पडलीय गो. हनुवटी जरा वर घे, खांदे सैल सोड. बघणाऱ्याला भरवसा वाटला पायजे.”

परत काढला, आणि खरंच चांगला आला. मग मुलाखतीत बसायचं कसं, हात मांडीवर कसे ठेवायचे, नजर कुठे ठेवायची, हे सगळं त्यांनी मला पाटावरच्या मूर्तीसारखं बसवून शिकवलं. मी चिडत होते, पण ऐकतही होते.

शेवटी तो प्रश्न आला. प्रशिक्षणात एखाद्या चेकमध्ये नापास झाला आहात का? चेक म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून करायचं उड्डाण. मी एकदा झाले होते. आडव्या वाऱ्यात उतरताना गडबडले, आणि चार दिवसांनी पुन्हा देऊन पास झाले.

“नाय लिही,” बाबा म्हणाले.

“अहो, पण झाले होते ना.”

“मग सुधारलंस ना? आता कुठं हाय तो तडा?”

त्यांच्या कारखान्यात तडा हा शब्द सहसा कुणी तोंडातून काढत नाही. मूर्तीला भेग गेली तर ‘तिला थोडं काम हाय’ म्हणतात. भेग भरतात, पॉलिश पेपरने घासतात, वर रंग देतात, आणि गिऱ्हाइकाला कधीही सांगत नाहीत. फसवायचं म्हणून नव्हे हो. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. सांगितलं तर गणपती घरात असेपर्यंत त्या माणसांच्या मनात पाल चुकचुकत राहील. न सांगणं हीच तिथली माणुसकी. मी त्यातच वाढले, म्हणून बिनदिक्कत ‘नाही’ लिहिलं.

मुलाखतीला समोर एक वयस्कर कॅप्टन होते. त्यांनी माझं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची वही, चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. एकच चेक चार दिवसांत दोनदा. पहिल्यांदा काय झालं होतं, त्यांनी विचारलं.

“सरावासाठी पुन्हा केला, सर.”

त्यांनी परत विचारलं, अगदी मवाळपणे. म्हणाले, मीही माझ्या वेळी नापास झालो होतो. अहो, दार उघडून धरलं होतं त्या माणसाने. आणि मी बया हनुवटी वर, खांदे सैल, तेच उत्तर आणखी गोड करून दिलं. त्यांनी वही मिटली.

“नापास झालेली चालली असती. पण कॉकपिटमध्ये चूक लपवलीत तर मागे बसलेल्यांनी काय करायचं?”

तिथून मी थेट पेणला आले. बाबा वाटच बघत होते. मी सगळ्या कारागिरांसमोर त्यांच्यावर ओरडले. तुमच्यामुळे गेलं माझं, म्हटलं, ही तुमची लपवाछपवी मातीत चालते, विमानात नाही. माझं तोंड हे असं. लिहिलं मी, खोटं बोलले मी, आणि खापर त्यांच्या डोक्यावर. बाबांनी ब्रश धुतला आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.

पुढे मी दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरला. त्यात ‘होय’ लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान कारखान्याच्या मालकांचा फोन आला. बाबा गिऱ्हाइकांना सांगायला लागले होते, ह्या मूर्तीच्या मनगटाला तडा होता, भरलाय, बघून घ्या. लोक मूर्तीला हात जोडायचे आणि शेजारच्या कारखान्यात जायचे. मालकांनी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, आता घरी आराम करा.

मी रोह्याला पोचले तेव्हा बाबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी भांडायच्याच तयारीने गेले होते.

“कशाला केलंत हे? तुमचं काम वेगळं, माझं वेगळं.”

“तुला खरं बोलायची सवय लावली नाय मी,” ते म्हणाले. “म्हटलं, आधी आपल्याला जमतं का बघू.”

“मग?”

“जमतं गो. पण डोळे आखायला मिळत नाय आता.”

मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. माफी मागायची होती, ती मी अजून मागितलेली नाही.