यमुनामावशीचं राहिलेलं कडवं

यमुनामावशी गेल्याचं तिच्या सुनेनं, शेवंतानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रेडिओच्या खोलीत तिचंच गाणं लावायला बसले होते. पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. मावशीच्या सहवासात माणूस संशयीच होतो...

डोंबिवलीतलं आमचं केंद्र दोन खोल्यांचं, आवाज पोचतो आसपासच्या गावांपुरता. आगरी गाणी हेच आमचं भांडवल. मावशी दिवा स्टेशनजवळच्या जुन्या गावातली धवळारीण, म्हणजे लग्नात धवळे गाणारी बाई. पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे माइकसमोर आली, तीही आधी टेबलाखाली वाकून बघत. लाल दिवा विझला तरी यंत्र ऐकत राहतं, अशी तिची पक्की खात्री. म्हणून घरचं काही बोलायचं झालं की मला जिन्यात न्यायची. चहात साखर जास्त पडली तरी विचारायची, "काय काम हाय गो माज्याशी?"

गायला लागली की मात्र खोलीचा मांडव व्हायचा. पण हळदीचं प्रत्येक गाणं ती शेवटच्या कडव्याआधी तोडायची आणि पदर सावरून उठायची. मग मलाही शंका येऊ लागल्या. विसरली असेल? की मोबाइलवर गाणी टाकणाऱ्या कुणाला आधीच देऊन बसली? एकदा विचारलंच, तर म्हणाली, "सगला तुज्या डब्यान भरला, तं माज्याजवल काय रायल?" मी चिडले. ही बाई कडवी बरोबर घेऊन जाणार आणि आमच्याकडे अर्धीच गाणी उरणार, ही धास्ती मला कायम होती.

तेराव्यानंतर भेटायला गेले. शेवंता ओट्याशी बोंबील साफ करत होती. ती कडवी गेलीच का गं, असं विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, मला येतात की सगळी. मी लगेच तिला केंद्रावर बोलावलं. तिनं नकार दिला. शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घालायचं असतं, हळद लागलेली नवरी समोर नसेल तर ते गात नाहीत, असं तिनं सांगितलं. मग मावशी हे मला का नाही बोलली?

"सासू बोलायची, तिला सांगलं तं ती खोटी नवरी आनून बसवल."

खरंच होतं ते. बसवलीच असती. शेजारची एखादी पोर, पिवळी साडी, गालाला हळद... मावशीनं मला पुरतं ओळखलं होतं आणि तरीही एवढी गाणी दिली. तिथेच, बोंबलांच्या वासात, मला रडू फुटलं.

आता सकाळी तिचं गाणं लावते. ते तुटतं तिथे दुसरं काही जोडत नाही. श्रोते फोन करून भांडतात, गाणं अर्धवट का कापलंत म्हणून. त्यांना मी शेवंताचा नंबर देते आणि विचारते, तुमच्या घरात लग्न कधी आहे?