आज तुझं लोडशेडिंग

बातमी आली तेव्हा मी देगलूरच्या अलीकडं विजेच्या खांबावर होते. आमचे जुने लाइनमन शिवाजीमामा खालून ओरडले, "आधी उतर, मग सांगतो." मी उतरले. आमचे इंजिनिअर वाघमारे साहेब नांदेडच्या दवाखान्यात हार्ट अटॅकनं वारले होते. खांबावरच्या माणसाला असली बातमी सांगायची नाही, हेही साहेबांनीच शिकवलेलं.

साहेबांचा एक शब्द होता. सलग राबून कुणी चिडचिड करायला लागला, की ते त्याचा मोबाइल स्वतःच्या खिशात घालायचे आणि उपकेंद्रातल्या लिंबाखालच्या बाजेकडं बोट करायचे, "आज तुझं लोडशेडिंग." मग त्याच्या वाट्याच्या शिव्या दिवसभर साहेब खायचे. वरच्यांनी एकदा विचारलं, ही काय धर्मशाळा आहे? साहेब म्हणाले, "हाव, हाय. माणसं जित्ती हायत न्हवं?"

वादळानं तारा पडल्या तेव्हा आम्ही कित्येक दिवस घर पाहिलं नव्हतं. भर दुपारी मी एका डीपीजवळ, गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभी, भोवती गाव खवळलेलं. "बाई, चढती का आम्ही चढू?" लाइन बंद करून घ्यायला मी उपकेंद्रात फोन लावला. साहेबांनी उचलला.

"कोणता फीडर? कोणत्या गावची लाइन?"

मी सांगितलं. त्यांनी उलट विचारलं, "सुनीता, उभी कुठं हायस?"

गावाचं नाव तोंडातून निघालं आणि तेव्हा माझी चूक मला कळली. मी भलत्याच गावची लाइन बंद करायला सांगत होते. माझ्या डोक्यावरची तार जिवंतच राहिली असती.

"शिडीला हात लावू नको. मी येऊन राहिलो."

आले, मोबाइल घेतला, स्वतःचा डबा माझ्या हातात दिला आणि गावापुढं उभे राहिले. माझी लेक तेव्हा अंगणवाडीत जायची. आज तिला आई आहे ती त्या माणसामुळं.

एकदा मी विचारलं होतं, "साहेब, तुमचं लोडशेडिंग कवा?" हसले. "मी एक्स्प्रेस फीडर हाय गं. दवाखान्याची लाइन कुणी बंद करतं का?" लई भारी बोलले म्हणून आम्हीही खदाखदा हसलो. आता त्या हसण्याचा संताप येतो. सगळ्यांना झोपायला लावणाऱ्या माणसाला "तुम्ही बी पडा जरा" म्हणणारं आमच्यात एकही नसावं?

बाज अजून लिंबाखालीच आहे. परवा नवे साहेब आले, डोळे लालभडक, एक फोन कानाला, दुसरा हातात. मी पुढं होऊन हात पसरला.

"मोबाइल द्या. आज तुमचं लोडशेडिंग."

"अहो ताई, मी इंजिनिअर आहे. मला कसं जमेल?"

"हाव," मी म्हटलं, "ते बी असंच म्हणायचे."