गारांत देव होता काय?

हिंगणघाटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजूनही सांगतात, की मी भर उपासनेत पवित्र शास्त्राला खोटे म्हटले. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी तेथे नव्हते आणि जे होते ते मान खाली घालून बसले होते. उभा मी होतो. तेव्हा माझे ऐकावे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. फाल्गुनात गारपीट झाली आणि माझ्या विधवा थोरल्या बहिणीचा उभा गहू भुईसपाट झाला. नाल्यापलीकडच्या शेतांत एकही गार पडली नाही. मंडळीला कारण तत्काळ सापडले. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बहिणीने शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभाताचा नैवेद्य ठेवला होता. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, पण शेताची ही जुनी रीत घरच्या बायकांनी सोडली नव्हती. निम्म्या मंडळीच्या धुऱ्यांवर तो भात असे. गार तिच्याच गव्हावर पडली, एवढा तिचा अपराध.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ सर्वांनी भाकरी वाटून खाण्याचा विधी, होते. देव एका शेतावर पाऊस पाडतो आणि दुसरे कोरडे ठेवतो, हे आमोस संदेष्ट्याचे वचन पाळकांनी वाचले. मग बहिणीकडे पाहून म्हणाले, "ज्यांना शिक्षा झाली आहे, त्यांनी आज भाकरीला हात लावू नये."

मी उठलो. "पाळकसाहेब, मत्तयाचं शुभवर्तमान उघडा. बऱ्यावाईटांवर देव सारखाच पाऊस पाडतो, असं खुद्द प्रभू सांगतात. यातलं कोणतं धरू?"

"दोन्ही सत्य आहेत."

"मग माझ्या बहिणीसाठी पहिलंच काऊन काढलं? एलीया संदेष्ट्यासमोरून वादळ गेलं, त्यात देव नव्हता असं लिहिलं आहे. आमच्या गारांत तो होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मागून कापसाच्या जिनिंग कारखान्यातला मुकादम ओरडला, "बस ना बे खाली! मोठा पंडित होऊन राह्यला! याच्याबी घरचा भात असन धुऱ्यावर."

"आहे. तुमच्याबी आहे. गार चुकली म्हणून पवित्र झाले काय?"

या वचनांचा मेळ मला तेव्हा बसला नाही, आजही बसत नाही. पण खोटे मी शास्त्राला म्हणालो नाही. न जुळणाऱ्या दोन वचनांतून विधवेच्या जिव्हारी लागेल तेच उचलणाऱ्याला खोटे ठरवले. त्याची माफी मी मागितलेली नाही.

भाकरीचे ताट बहिणीला वगळून पुढे गेले. मी ते हिसकावले, हीदेखील लोणकढी थाप. मी माझ्या वाट्याचा तुकडा मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

तिने माझा हात मागे सारला. "नको रे बापू. भात मीनंच ठेवला होता. देवानंच मारलं मले."

पुढच्या प्रभुभोजनाला तिने उभी राहून सर्वांची क्षमा मागितली. ज्यांच्या धुऱ्यांवर तोच भात होता, त्यांनी ती मोठ्या मनाने दिली.