कुलूपबाईचा दुपारचा निरोप

कारखान्यात तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण असल्या गोष्टी कळल्याशिवाय राहत नाहीत. हिशेबनीस पासवर्ड विसरला आणि फोनवर गयावया करू लागला, तेव्हा तिने त्याला ओळखपत्र घेऊन तळघरापर्यंत यायला लावलं. आणि तो तिचा सख्खा आतेभाऊ होता! त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

तळघरात कारखान्याचे सर्व्हर होते, त्यांच्या पंख्यांची घरघर होती आणि ती होती. यंत्रांसाठी खोली गार ठेवलेली, म्हणून बारा महिने अंगात स्वेटर. वरच्या मजल्यांवरची माणसं दिवसभर चॅटवर एकमेकांची थट्टा करायची, भांडायची, आणि ते सगळं बोलणं तिच्या पायाशी असलेल्या काळ्या पेटीतून जायचं. तिच्याशी मात्र कुणी बोलायचं ते सर्व्हर बंद पडला तरच. आई गेल्यापासून घरीही चार भिंतींशीच गाठ. तिला याचं वाईट वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगा.

एक निरोप मात्र रोज यायचा. जेवणाच्या सुट्टीत पडद्याच्या कोपऱ्यात काकांचं नाव उजळायचं: 'जेवलीस का गं?' काका म्हणजे तिच्याआधी ही खोली सांभाळणारे, तिला बोट धरून काम शिकवणारे. निवृत्त होऊन ते मुलाकडे दूरच्या गावी गेले होते. ती लिहायची, 'जेवले. तुम्ही?' त्यावर उत्तर नसायचं. पण काका मुळातच अबोल. होकारसुद्धा मानेनं द्यायचे. तिला त्यात काही खटकलं नाही. निवृत्त माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं हा नियम तिचाच, पण काकांचं तिने उघडं ठेवलं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती.

मग नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी, बंद करायच्या राहून गेलेल्या खात्यातून व्यवस्थापकांना शिव्या गेल्या. सगळा कारखाना गालातल्या गालात हसला, आणि व्यवस्थापक तणतणत तळघरात उतरले. "एकही फट राहता कामा नये, बाई!"

तिने पक्का बंदोबस्त करायला घेतला. यंत्राच्या मुळाशीच नियम बसवायचे: कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा ते लिहून द्यायचं, आणि जे लिहिलेलं नाही ते सगळ्यांना मना. असे नियम एकदम लागू करत नाहीत. आधी काही दिवस ते नुसते पाहतात. कुणाला अडवत नाहीत, कुणाला अडवलं असतं तेवढं नोंदवून ठेवतात. त्या नोंदी चाळताना तिला रोज दुपारी एकच ओळ परत परत दिसू लागली. सर्व्हरवरचाच एक प्रोग्राम जेवणाच्या सुट्टीत जागा होऊन चॅटकडे एक निरोप देत होता. कुठून, तर काकांच्या जुन्या फोल्डरमधून.

तिने तो उघडला. चार ओळींचा होता. निरोप आत तयारच लिहिलेला, आणि तारीख काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची.

तिची कानशिलं तापली. इतके दिवस ती एका घड्याळाला 'तुम्ही?' विचारत होती. आणि रोज बोलणं होतंय म्हणून तिने काकांना एकदाही फोन केला नव्हता.

तिने फोन लावला. सुनेने उचलला. "आहेत ना, देते. पण त्यांना आता फारसं आठवत नाही हं. वाईट वाटून घेऊ नका."

मग काकांचा आवाज आला, तोच, जरा विरलेला. "कोण?"

"मी, काका. सर्व्हरच्या खोलीतली. तुमच्या हाताखाली होते ना?"

"असं का, असं का," काका म्हणाले. त्यांना काहीच उमगलं नव्हतं. मग परक्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं?"

ती रोज लिहायची तेच बोलली. "जेवले. तुम्ही?"

"मी?" काका घुटमळले. "थांब हं, सुनेला विचारतो."

त्या निरोपासाठी नियमांत अपवाद लिहिणं तिच्या हातात होतं. एका ओळीचं काम. संध्याकाळपर्यंत ती त्या ओळीसाठी बोटं कळफलकावर ठेवून बसली. पण ती फट ठेवली तर उद्या काकांच्या नावाने कुणीही काहीही बोललं असतं, आणि ते तिला सहन झालं नसतं. तिने नियम होते तसे लागू केले. तो प्रोग्राम मात्र पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पडद्याचा कोपरा कोरा राहिला. तिने नोंदी उघडल्या. नवी ओळ आली होती: काकांच्या फोल्डरमधला प्रोग्राम, निरोप देण्याचा प्रयत्न, नाकारला. तिने ती दोनदा वाचली, डबा पुढे ओढला आणि फोन लावला.

सुनेने घेतला.

"काका जेवले का?" तिने विचारलं.