पाण्याला थांबायची ती गाडी

अक्का गेल्याचा निरोप आमच्या धाराशिवच्या बिऱ्हाडी आला तेव्हा मी दारात ज्वारी पाखडत बसले होते. गावाकडचा आमचा सालगडी येडशीहून मोटारीनं आला होता. तो ओट्यावर टेकला नाही, पाणी नको म्हणाला. "अक्का लिंगैक्य झाल्या," एवढंच बोलला आणि टोपी काढून उभा राहिला. मला कळलं होतं, तरी हातातलं सूप थांबायला थोडा वेळ लागला... आम्ही पोचेपर्यंत गावानं अंत्यविधी थांबवून ठेवला होता. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना त्यांच्याच रानात, विहिरीच्या अंगाला समाधीत बसवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही बायका तिथं फुलं वाहायला गेलो, तर रेल्वेची दोन माणसं फीत घेऊन विहीर मोजत होती. निजामाची मोगलाई गेली, आता या छोट्या गाडीचे दिवस पालटणार, इथं दगडी स्टेशन होणार, विहिरीवर पंप बसणार, गाडी पुन्हा थांबणार, असं ती उत्साहानं सांगत होती. विहिरीचा मालक कोण, असं त्यांनी विचारलं. आम्ही ताज्या मातीकडं बोट दाखवलं.

अक्का म्हणजे गंगाक्का, माझी थोरली जाऊ. मी सोलापूरची, इंग्रजी राज्यातून लग्न होऊन मोगलाईत आलेली, मराठी सातवी शिकलेली. नाकावर माशी बसू देत नव्हते. अक्कांना अक्षर येत नव्हतं आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. मी पहिल्यांदा चुलीपुढं बसले आणि भाकरी थापताना फाटली, तेव्हा त्या सासूबाईंना म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ द्या, तिला वाचून दावू द्या भाकरी कशी करायची ती." पुढं चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी भाकरी शिकायला त्यांच्याच शेजारी जाऊन बसले. थोरले भावजी लवकर गेले. त्यानंतर रान अक्कांनीच ओढलं. माझे यजमान शाळामास्तर, त्यांना बैलाची शेपटी कुठं आणि शिंग कुठं एवढंच माहीत. आमच्या दोघींच्या भांडणांनी घर जागतं असायचं. पण मला ताप आला की डोक्यावर पट्टी अक्काच ठेवायच्या, आणि ती ठेवतानाही बोलायचं सोडायच्या नाहीत.

त्यांना एकच लेक, शांता. ती बार्शीला दिलेली. आता बार्शी काही लांब नाही, आणि बार्शीहून लातूरला जाणारी छोटी गाडी तर आमच्या रानाच्या बांधावरूनच जायची. पण थांबायची ती अलीकडं येडशीला नाहीतर पलीकडं ढोकीला. म्हणजे लेकीनं माहेरचं रान खिडकीतून बघत पुढं जायचं, नाहीतर येडशीला उतरून बैलगाडीनं काळ्या रानातून, दगडाधोंड्यातून दिवसभर हाडं खिळखिळी करत यायचं. शांताची सासरची माणसं वाईट नव्हती, पण आडतीचा व्यापार करणारी, जपून वागणारी. सुनेला असल्या वाटेनं पाठवायला ती सदा कां कू करायची. सण आला की अक्का आधी येडशीच्या वाटेला शिव्या द्यायच्या आणि मग पुरण घालायला बसायच्या.

लढाईचे दिवस होते. येडशीच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात इंजिनाला पुरेनासं झालं, तेव्हा रेल्वे कंपनीचा साहेब ट्रॉलीवर बसून रुळावरून आमच्या रानात आला. विहीर टेकाडावर आणि रूळ खाली, त्यामुळं मोटेचं पाणी आपल्या पायानं रुळाजवळच्या टाकीत उतरणार, हे त्यानं बघितल्याबरोबर ओळखलं. पाण्याचा मोबदला काय घ्याल, असं त्यानं विचारलं. अक्कांनी कानाला हात लावले. आमच्याकडं तहानलेल्याला पाणी देऊन त्याचं मोल घेणं म्हणजे मोठं पाप. आणि इंजिन तर समोर धापा टाकत उभं. "पानी फुकट घ्या म्हनावं," त्या मला म्हणाल्या. "पर पानी पिऊन हितनं नुसतं जायचं न्हाय. मानसं चढू-उतरू द्यायची." साहेबाला ते फारच स्वस्तात पडलं, तो हसून कबूल झाला. माझ्या यजमानांनी सांगून बघितलं की हे कागदावर करून घ्या. तर अक्कांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मास्तरांनी तो विषयच सोडला. पाणी देताना कागद करायचा, ही गोष्ट त्यांनाच काय, गावात कुणालाच पटली नसती. खरं तर त्या दिवशी मलाही नाही पटली.

मग आमच्या रानात मुरमाचा फलाट झाला, वर चार पत्रे आले आणि गावाला थांबा मिळाला. गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा. इंजिन पाणी पिईपर्यंत बायका दह्याची मडकी, शेंगांची पोती, कोंबड्या घेऊन बार्शीच्या बाजाराला चढायच्या. ड्रायव्हर चाँदभाई अक्कांच्या हातचं ताक प्यायल्याशिवाय शिट्टी द्यायचा नाही. आणि शांता! पंचमीला शांता आली ती थेट आपल्या रानात उतरली. अक्कांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला जवळ न घेता आधी गाडीलाच हळदीकुंकू वाहिलं. मी हसले तर म्हणाल्या, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव. पुढच्या दिवाळीला शांता पुन्हा आली. मधेच कधी दोन दिवसांसाठी आली. थांब्यानं अक्कांना लेक परत दिली होती. मी त्या काळात त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

संक्रांतीच्या सुमाराला शांताला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी. व्याह्यांनीही आनंदानं मान डोलावली, गाडी दारात थांबते म्हटल्यावर सातव्या महिन्यात पाठवतो म्हणाले. अक्कांनी बाळंतिणीची खोली सारवून घेतली, डिंक आणून ठेवला. पण त्या साली पाऊस आलाच नव्हता. आदलं सालही कोरडंच होतं. होळीपर्यंत गावाचा आड आटला, चैत्रात ओढ्यातले झरे गेले आणि सगळं गाव घागरी घेऊन अक्कांच्या विहिरीवर आलं. विहिरीलाही तळ दिसायला लागला होता. सकाळभर मोट चालवली की टाकी जेमतेम भरायची, मग बायकांच्या घागरीत नुसता गाळ यायचा. वरच्या आणि खालच्या आळीत पाण्यावरून झोंबाझोंबी सुरू झाली. एका दुपारी मोट चालू होती, खाली गाडी येऊन उभी होती. एक बाई चिखलाचं पाणी फडक्यातून गाळून कडेवरच्या लेकराला पाजत होती. अक्कांनी ते बघितलं. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी मोटेचे बैल सोडले.

"आजपास्नं इंजिनला पानी न्हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला ओढलं. अक्का, थांबा जाईल, शांताला तिकडून कोण पाठवणार, असं काय काय मी भडाभडा बोलले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"शांताच्या सासरी पान्यानं भरल्याला आड हाय," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी कुठं हाय?"

साहेब पुन्हा ट्रॉलीवरून आला. या वेळी त्याचं बोलणं मोठं होतं. विहीर कंपनीच्या नावावर करून द्या, आम्ही ती खोल खोदतो, पंप बसवतो, मुरमाच्या जागी दगडी फलाट करतो, पक्कं स्टेशन बांधतो. अक्कांनी विचारलं, मग गावानं कुठलं पाणी प्यायचं? विहीर कंपनीची झाल्यावर पाण्याचं कंपनी ठरवील, असं तो म्हणाला. अक्का उठून घरात गेल्या. आठवड्यात पत्रे उतरवून नेले, गाडी थांबायची बंद झाली. कागद नव्हता, त्यामुळं भांडायलाही काही नव्हतं. आणि गाव? तेच पाणी पिणाऱ्या गावात चार तोंडं अशी निघाली की अक्कांच्या हट्टापायी हातातला थांबा गेला, बाजार बुडाला. मला आजही त्याचा राग येतो. अक्कांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या चार घरांच्या घागरीही भरू दिल्या.

व्याह्यांचा निरोप आला. येडशीपासून बैलगाडीच्या धक्क्यात अवघडलेली सून पाठवणं व्हायचं नाही, बाळंतपण बार्शीलाच होईल.  अक्कांनी सारवलेल्या खोलीला कडी लावली. त्यांना तिकडं जाताही येईना, कारण पावसानं पुन्हा ओढ दिली होती आणि त्या तासभर विहिरीवरून हलल्या की भांडणं डोकी फुटण्यावर जायची. बाळंतपण झालं, मुलगा झाला. चाँदभाईनं चालत्या इंजिनातून बत्ताशांचा पुडा अक्कांच्या पुढ्यात टाकला, अक्कांनी विहिरीवरच सगळ्यांना बत्तासे वाटले. बारशाला या असा निरोप येईल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. बारसं पुढं ढकललं, एवढंच कळलं. मग बऱ्याच दिवसांनी चाँदभाईनंच सांगितलं की शांता सासरच्या माणसांबरोबर लातूरला लग्नाला चालली आहे, उद्या सकाळच्या गाडीनं.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी मोडक्या फलाटावर जाऊन उभ्या राहिलो. गाडी दिसली तशी ती हळू झाली. चाँदभाई कमरेपर्यंत बाहेर वाकला होता. "रोकने का हुकूम नई, अक्का," तो ओरडला, "धीमी करतूं." शांता खिडकीत होती. तिनं फडक्यात गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांनी खिडकीबाहेर उंच धरलं. अक्का हात पसरून खडीवरून गाडीबरोबर धावल्या. हातभर अंतर राहिलं असेल... तेवढंच राहिलं. मग फलाट संपला, गाडीनं वेग घेतला. दोन-अडीच महिन्यांनी निरोप आला, बाळ तापात गेलं. अक्का छाती बडवून रडल्या. पुढं शांताला मुलगी झाली, ती अक्कांच्या मांडीवर खेळली. पण त्या सकाळी बघितलेल्या नातवाचं नाव निघालं की अक्का हातातलं काम ठेवून बोलत बसायच्या. एकदा बघितलं तरी, असं म्हणायच्या.

अक्का गेल्यावर आलेली शांता त्यांचे दिवस घालूनच सासरी गेली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी विहिरीवर बसलो होतो. तिच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. एकाएकी ती म्हणाली, "काकू, ते बाळ न्हवतं. म्या लुगडं गुंडाळून धरलं हुतं."

मुलगा पाचवी पुजायच्या आधीच गेला होता. बत्तासे इकडं पोचले त्याच दिवशी. शांतानं सासूच्या पायावर डोकं ठेवून सगळ्यांना गप्प बसवलं होतं, बारसं पुढं ढकललं असा निरोप द्यायला लावला होता. मी विचारलं, का गं असं केलंस?

"आईला कळलं असतं तर तिनं ह्या हिरीचं पानी परत तोंडाला लावलं नसतं." मग तिनं माझा हात घट्ट धरला. "तिला कळलं तर न्हवतं ना, काकू?"

मी नाही म्हणाले. शांताला वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहिते आहे. त्या दिवशी गाडी गेल्यावर आम्ही दोघी टेकाड चढत होतो. अक्का माझ्या पुढं होत्या. मागं न बघता त्या म्हणाल्या, "मानंखाली हात न्हवता गं तिचा." तेव्हा मला वाटलं, लेकीला तान्हं मूल धरता येत नाही म्हणून कुरकुरत आहेत. मी म्हणाले, पहिलटकरीण आहे, शिकेल हळूहळू. "व्हय," त्या म्हणाल्या, "शिकंल." आम्ही विहिरीवर आलो. अक्का मोटेच्या थारोळ्यात ओंजळ बुडवून सावकाश पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि घागरी घेऊन बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "नाक माज्यावर गेलंय लेकराचं."