भिकाजीने घडवलेली यात्रेकरूंची वाट

२०१४ साली आखातातल्या वादी कबीरच्या सुतारकारखान्यात रत्नागिरीकडचे आम्ही दोघेच होतो. मी पॉलिशवाला, भिकाजी सुतार. माणूस इतका भिडस्त, की अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, रजाच काय, नवी पटाशी मागायलाही लाजायचा. मला त्याचा भारी राग यायचा.

जवळच अल् खुवैरला जुन्या यात्रामार्गांचं प्रदर्शन भरणार होतं. युरोपात कुठेतरी मध्ययुगात ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी चर्चपर्यंत छप्पर घातलेली वाट होती, तिची लाकडी प्रतिकृती आमच्याकडे करायला आली. फोटो बघून भिकाजी म्हणाला, "देवाला जाणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून एवढं करतात होय!" आणि कामात बुडाला. खांब, कमानी, कौलं, सगळं हाताने. शेवटी खांबांमधून चालणारी बोटाएवढी माणसं केली. त्यातल्या एका बाईने पदर खोचला होता.

"ख्रिस्ती बायका कधी पदर खोचतात काय रे?" मी चिडवलं.

"माझी मैना खोचते," तो म्हणाला.

काम संपायला आठ दिवस असताना गावाहून त्याच्या भावाचा, तानाजीचा, मला फोन आला. मैनाची, त्याच्या बायकोची, कावीळ बळावली होती. "भिकूला बोलू नकोस. परमुलखात एकटा, हातपाय गळतील त्याचे." आमच्याकडे असंच करतात. आखातातल्या माणसाला वाईट बातमी सगळ्यात शेवटी सांगायची, तीही अर्धी. मैना माहेरी गेलीय, तिथे रेंज नाही, असं त्याला घरून सांगत होते. मीही मान डोलावत होतो. मला ते शहाणपणाचं वाटत होतं. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बुधवारी मैना गेली. मी आधी अर्बाबला सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. "पहले क्यों नहीं बोला? उसी दिन टिकट देता. मॉडेल खलास नहीं हुआ तो क्या हुआ?"

मग भिकाजीला सगळं सांगितलं. तो रडला नाही. हातातली कानस खाली ठेवून त्याने विचारलं,

"माझी आठवण काढत होती?"

"तानाजी म्हणाला, रोज विचारायची, कधी येणार म्हणून."

"मग तिला काय सांगितलंत?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "रजा मिळत नाही, म्हणून सांगत होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मोठ्याने बोलायची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

"मी मागितली असती रे," तो ओरडला. "तिच्यासाठी मागितली असती!"