पोहे न आणलेला रविवार

आमच्या घरी रविवारची सकाळ मुकी असायची. मी आणि आई बोलायचो, भांडायचोसुद्धा, पण पप्पा चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यापासून घरी परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. आमच्या चर्चमधले जे म्हातारे आणि आजारी लोक रविवारी येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी परमप्रसाद पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. मिस्सा संपली की फादर वेदीवरच्या पवित्र भाकरीचे पातळ गोल तुकडे एका लहानशा सोनेरी डबीत घालून द्यायचे. डबी कापडी पाकिटात आणि पाकीट पप्पांच्या गळ्यात. ते गळ्यात असलं की प्रत्यक्ष येशू सोबत आहे, तेव्हा वाटेत रेंगाळायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, नियम एवढाच. पप्पांनी तो इतका ताणला होता की शेवटचं घर होईपर्यंत ते कुणाच्या नमस्कारालाही तोंडानं उत्तर देत नसत.

सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीला हे पाठ झालं होतं. कचरागाडीवाला भोंगा बंद करून लांबूनच हात जोडायचा. समोरच्या काकू नव्या भाडेकरूंना समजावून सांगायच्या की अंकलजींना राग नाही आलेला, आज त्यांचा संडे आहे. आईला मात्र हे कधी पटलं नाही. देवाला माणसांचं बोलणं सोसत नाही का, असं ती दर रविवारी पोळपाट आपटत विचारायची.

शेवटचं घर झालं की पप्पा गळ्यातलं पाकीट काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर थांबायचे आणि पोहे बांधून घ्यायचे, वर भरपूर शेव आणि जीरावणाचा मसाला. मग दारातूनच त्यांची हाक यायची, ‘अगं ए, पोहे गार होतायत.’ त्यांच्या रविवारचं हे पहिलं वाक्य. सकाळपासून पुतळा होऊन फिरतात आणि तोंड उघडलं की आधी घाई, अशी आई कुरकुरायची. पण त्या हाकेपर्यंत ती चहाचं आधण ठेवत नसे, हे मी लहानपणापासून बघत आले.

पप्पा वसईचे. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून या हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. तिकडे एका चर्चचं धर्मग्राम म्हणजे सगळं गाव, सगळे नातेवाईक. इथे केरळचे, गोव्याचे, झाबुआकडचे आदिवासी, दोन-चार आमच्यासारखी मराठी घरं, आणि सगळ्यांची मिळून प्रार्थना हिंदीत. मरियामातेची एकच प्रार्थना, चर्चमध्ये ‘प्रणाम मरिया’ आणि घरी ‘नमो मारिया’, यात आम्हाला काही अवघड वाटायचं नाही. शनिवारी आई वेदीची कापडं घरी आणून इस्त्री करायची आणि त्या वेळात कुणालाही टेबलाजवळ फिरकू द्यायची नाही. बुधवारी दोघं मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर खिचडी वाटायला जायची. मी आठवडाभर सिमरोलच्या कॅम्पसवर लायब्ररीत नोकरीला, आणि उरलेला रविवार मिस्सेनंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेण्यात. सेवा हा आमच्या घरातला एक प्रकारचा घरकामाचाच भाग होता. त्याचं कौतुक कुणी केलं तर पप्पांना ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्या मुकेपणाला एक जोडनियम होता. कधी एखादा आजारी माणूस घरी सापडायचा नाही, मुलाकडे गेलेला असायचा किंवा दवाखान्यात. मग डबीत एक तुकडा उरायचा. फादर तोवर दुसऱ्या मिस्सेसाठी बाहेरगावी गेलेले, चर्चला कुलूप. अशा दिवशी पप्पा पोहे न घेता तसेच घरी यायचे, गळ्यातलं पाकीट तसंच, आणि येशूच्या तसबिरीसमोर खुर्चीवर बसून राहायचे. आई पांढरं कापड अंथरायची, मेणबत्ती लावायची आणि त्यांच्या मागे गुडघे टेकायची. फादर परत येईपर्यंत घरात मिक्सर लावायचीही बंदी. एरवी तोंडाळ असलेली माझी आई तेवढा वेळ खरोखर गप्प राहायची, कारण तिच्या मते घरात पाहुणा आला होता.

त्या रविवारी पप्पा आले तेव्हा हातात पोहे नव्हते. गळ्यात पाकीट होतं. ते काही बोलले नाहीत आणि जाऊन खुर्चीवर बसले. आईनं एका नजरेत सगळं ओळखलं, म्हणजे तिला वाटलं की ओळखलं. तिनं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली, हातात रोझरीची जपमाळ घेतली आणि त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली.

मी वर्ग संपवून घरी आले तर स्कूटर फाटकात आडवी, भिंतीला टेकलेली. पप्पा तिला पुसून, स्टँडवर लावून मगच आत जाणारे. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आत दोघांच्या पाठी दिसल्या, मेणबत्ती बरीच खाली आलेली दिसली आणि मीसुद्धा चप्पल हातात घेऊन चवड्यांवर स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. पेला ठेवताना दारातून पप्पांचा चेहरा बाजूनं दिसला. ओठाचा कोपरा ओघळला होता आणि कॉलर लाळेनं भिजली होती. उजवा हात खुर्चीखाली लोंबत होता. आई त्यांच्या मागे होती, तिला यातलं काही दिसण्यासारखं नव्हतं. मी ओरडले तेव्हा तिनं आधी मलाच बोट ओठांवर ठेवून गप्प बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून असे आहेत. आईनं घरी आल्याची वेळ सांगितली आणि बाकावर जाऊन पुन्हा मणी ओढायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले की इंजेक्शन दिलंय, जीव वाचेल, पण मधला वेळ वाया गेला. लगेच आणलं असतं तर बोलणं कदाचित वाचलं असतं. मी आईकडे पाहिलं. ती आमच्याकडे बघतच नव्हती.

थोड्या वेळानं नर्सनं पप्पांचे कपडे, घड्याळ आणि गळ्यातलं पाकीट माझ्या हातात दिलं. परमप्रसाद असा पिशवीत ठेवता येत नाही. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन मी डबी उघडली. तोवर मी ती कधी उघडली नव्हती. आत काही नव्हतं. पप्पांनी सगळी घरं केली होती. गळ्यातलं पाकीट काढू शकले नाहीत, पोह्यांसाठी थांबू शकले नाहीत, एवढंच. ते घरी आले होते आईला हाक मारायला, आणि हाक निघत नव्हती.

डबी मिटून मी बाकापाशी आले. आईनं विचारलं, “आत होतं ना गं?”

“होतं,” मी म्हणाले. “एक होतं. मी फादरांना देऊन येते.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “तरीच ते बोलत नव्हते.”

खोटं बोलणं मला जमत नाही असं घरात सगळे म्हणायचे. त्या दिवशी ते सहज जमलं. संध्याकाळी फादर भेटायला आले आणि आईनं त्या उरलेल्या तुकड्याबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिळाला अशा अर्थानं मान हलवली. नंतर जिन्यात मी त्यांना खरं सांगितलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

पप्पा घरी आले ते एका शब्दासकट. ‘आमेन.’ बाकी सगळे शब्द गेले होते, माझं नाव, आईचं नाव, पाणी, भूक, सगळं. चहा हवा का, आमेन. पाय दुखतोय का, आमेन. रागावले, उशी ढकलून दिली, तरी आमेन, फक्त मोठ्यानं. रोझरीला येणाऱ्या बायकांना याचं भारी अप्रूप. किती भाग्यवान, म्हणायच्या, झटका आला तेव्हा छातीवर प्रभू होता आणि आता ओठांवर तेवढाच शब्द ठेवलाय. मला त्यांना दाराबाहेर काढावंसं वाटायचं. असलं भाग्य मिळालं असतं त्यांच्या नवऱ्यांना, म्हणजे कळलं असतं. पण आई त्या बोलण्यावर जगत होती. माझा माणूस देवासमोर बसलेला असताना गेला, असं ती म्हणायची, गेला नव्हता तरी. मी तिला ते धरून ठेवू दिलं. तिच्या हातून काय झालंय हे तिला कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती.

काही महिन्यांनी फादरांनी विचारलं की आजाऱ्यांकडे जायला कुणी नाही, आईला जमेल का. मला वाटलं, बरंच आहे, घराबाहेर पडेल. मीच तिला आग्रह केला. यात काय धोका आहे ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

आई ई-रिक्षानं जायची. पहिले काही रविवार ती पप्पांसारखीच मुकी जायची आणि मुकी यायची. शेवटचं घर आमचंच, पप्पांचं. त्यांना घशाचा त्रास, म्हणून ती तुकड्याचा कण चमच्यात पाण्यावर ठेवून द्यायची आणि मगच बोलायची. मग मधेच ती झोपेनाशी झाली. जेवताना ताटाकडे बघत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, गुडघे दुखतात.

पुढे एका शनिवारी चर्च झाडताना एका बाईंनी मला गाठलं. “बेटा, आंटी को थोड़ा समझाओ,” त्या म्हणाल्या. परमप्रसाद गळ्यात असताना आई रिक्षावाल्याशी बोलते, भाजीवाल्याला हाक मारते, येणाऱ्या-जाणाऱ्याला तब्येत विचारते, चांगलं दिसत नाही. मला लाज वाटली. पप्पांनी इतकी वर्षं जे पाळलं ते आईनं असं मोडावं, याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मुलांचा वर्ग लवकर सोडून मी तिच्या आधी घरी पोचले. फाटकाबाहेरूनच तिचा आवाज आला. “चलो भिया, अगले संडे,” हे रिक्षावाल्याला, मग आमच्या दिशेनं, “अहो, आले मी! नीट बसलात ना? हात उचला बघू. उचला.” ती आत आली तेव्हा पाकीट गळ्यात होतं. पप्पांचा डावा हात वर होता.

“आई, गळ्यात काय आहे ते तरी बघ,” मी म्हणाले. “पप्पा असे बोलत जायचे का कधी?”

ती चप्पल काढायची थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “सगळ्यांकडे गेले होते ते त्या दिवशी.”

मी पप्पांचा वर राहिलेला हात खाली घेतला.

“प्रत्येक घरात मला तेच सांगतात. त्या दिवशीसुद्धा आले होते आंटीजी, आम्हाला परमप्रसाद देऊन गेले. आधी एकानं सांगितलं, मग दुसऱ्यानं. कुणाचंच घर राहिलं नव्हतं. मला सगळं मालूम आहे आता. डबी खाली होती ना?”

माझ्या तोंडून शब्द निघेना.

“गप्प नको राहू,” आई म्हणाली. “या घरात आता कुणी गप्प नाही राहायचं. रिकाम्या डबीला मेणबत्ती लावून बसले होते मी. ते समोर बुडत होते आणि मी मागे बसून मणी मोजत होते.”

“होती,” मी म्हणाले. “खाली होती.”

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं की हे कळेल तेव्हा ती कोसळेल. पण ती बरेच आठवडे आधी कोसळून झाली होती, माझ्यासमोर जेवत होती, इस्त्री करत होती, आणि मला पत्ता नव्हता. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हातानंच थांबवलं, अजून एक घर बाकी होतं.

तिनं मेणबत्ती लावली, पण या वेळी खुर्ची फिरवून पप्पांचं तोंड स्वतःकडे केलं. आता ती तसंच करते, त्यांच्या मागे कधी बसत नाही. चमच्यात पाणी घेतलं, कण ठेवला, प्रसाद देतानाचे शब्द म्हटले. पप्पा म्हणाले, आमेन. गिळलं. आईनं त्यांची हनुवटी पुसली, डबी मिटली, पाकीट गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून वाकली.

“मला माफ केलंत?” तिनं विचारलं.

“आमेन,” पप्पा म्हणाले.

चहाला ते हेच म्हणतात, हे तिलाही माहीत होतं. तिनं पुन्हा विचारलं.